ओळीच्या मधला थांबा

दोन्ही हातांनी बाकांच्या पाठी धरत हेदर डॅनट चालत्या बसमध्ये मागं आली आणि विल्फ कपलडिचच्या शेजारी टेकली. ती जागा नोराची, म्हणजे विल्फच्या बायकोची. ती पुढं ड्रायव्हरला केक खाऊ घालण्याच्या निमित्तानं त्याच्या घटस्फोटाची चौकशी करायला गेली होती. हेदरनं नेमकी ही वेळ साधली होती, हे विल्फच्या लगेच लक्षात आलं.

"विल्फ, एक सांगायचंय. रागावणार नसाल तर."

"अशी सुरुवात झाली की मी आधीच रागावून घेतो. वेळ वाचतो."

हेदर हसली नाही. थॉर्प फेनच्या चर्चचं गायनमंडळ ती गेली काही वर्षं सांभाळत होती आणि आज सकाळपासून तिच्या चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं.

"आज तुम्ही सगळ्यांबरोबर उभे राहा. झगा घाला, पुस्तक धरा, बाकीचं सगळं गा. फक्त स्तोत्राच्या वेळी नुसते ओठ हलवा. आवाज नको."

विल्फ खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर कोबी होता. मैलच्या मैल कोबी, मध्ये एखादा कालवा, पुन्हा कोबी. त्याचा सगळा जन्म याच मातीत वाकण्यात गेला होता.

"आणि रविवारी?" त्यानं विचारलं.

"रविवारी बघू. आपण निवांत बोलू एकदा."

हे 'निवांत बोलू' त्याला चांगलं ठाऊक होतं. मंडळात गाणाऱ्या सिबिलशीही हेदर अशीच निवांत बोलली होती. सिबिल आता वेदीवर फुलं लावते.

"बरं," तो म्हणाला. हेदरनं त्याच्या हातावर हात ठेवला, घाईघाईनं उचलला आणि ती पुढं निघून गेली.

रागवायचं म्हटलं तर कुणावर? पोरीचं काही चुकलं नव्हतं. दर ऑगस्टला मंडळाची लिंकनला सहल जायची, ती मजा करायला. बाजारात भटकायचं, डबे खायचे, चहा प्यायचा, कॅथीड्रलकडं मान वर करून बघायचं नि घरी यायचं. या वर्षी हेदरनं कुणालाही न सांगता अर्ज केला. कॅथीड्रलचे स्वतःचे गायक ऑगस्टात सुट्टीवर असतात, तेव्हा बाहेरगावच्या मंडळांना संध्याकाळची प्रार्थना गायला बोलावतात. थॉर्प फेनला एक दिवस मिळाला. गावात ही बातमी आली तेव्हा पोस्टातल्या बाईनं दुकान अर्धा तास बंद ठेवलं होतं.

घोडं अडलं ते स्तोत्रापाशी. स्तोत्राच्या प्रत्येक ओळीचे दोन भाग असतात आणि मध्ये थांबायचं असतं. थॉर्प फेनचं चर्च बुटकं, खाली गालिचा अंथरलेला. आवाज तोंडातून निघाला की गालिच्यात मुरलाच. तिथं कोण कशाला थांबतं? एक भाग संपला की दुसरा सुरू, नांगर शेताच्या टोकाला पोचून वळतो तसा. लिंकनचं कॅथीड्रल मात्र आवाज ठेवून घेतं आणि सावकाश परत देतं. ते देऊन होईपर्यंत थांबलं नाही, तर दुसरा भाग पहिल्याच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि सगळ्याचा काला होतो. म्हणून हेदरनं उन्हाळाभर मंडळाकडून तो थांबा घोटून घेतला होता. सगळ्यांना जमला. विल्फला जमला नाही. त्याचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात दगड टाकावा तसा, आणि तो दर वेळी थांब्यात एकटाच घुसायचा. पहिल्यांदा लोक हसले. पुढं पुढं हसायचे बंद झाले. त्यानं आकडे मोजून पाहिलं, पायाच्या बोटांनी ताल धरून पाहिला. पन्नास वर्षं न थांबता गात आलेली जीभ त्याला जुमानेना.

नोरा परत आली. "बायकोनं कुत्रा नेला आणि मांजर याच्या गळ्यात मारलं," ती बसता बसता म्हणाली. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं. "काय झालं?"

"कुठं काय!"

"तोंड बघ आरशात. हेदर आली होती ना?"

"वेळ सांगायला आली होती."

नोरानं केकचा डबा पिशवीत ठेवला. म्हणून तिनं विषय सोडला असं नव्हे.

बसनं त्यांना खालच्या गावात, तळ्यापाशी सोडलं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना दुपारी बसनंच वर कॅथीड्रलजवळच्या किल्ल्यापाशी नेऊन सोडायचं ठरलं होतं. बायका दुकानांकडं पांगल्या. कॉलिन, विल्फच्याच रांगेत खालच्या पट्टीत गाणारा भाजीवाला, आपल्यापेक्षा इथला कोबी किती वाईट आहे ते बघायला बाजारात गेला. हेदर एकटीच कडेला उभी राहून पुस्तकातल्या खुणा पुन्हा पुन्हा तपासत होती.

विल्फ आणि नोरा पाण्याकाठच्या बाकावर बसले. ही त्यांची दर वर्षाची जागा. ऊन छान पडलं होतं, हंस पावासाठी अंगावर येत होते, आणि नोरानं घरून आणलेली सँडविचं उघडली होती. एरवी याच घटकेसाठी विल्फ वर्षभर ऑगस्टची वाट बघायचा. आज त्यानं एक घास खाल्ला आणि उरलेलं हंसांना टाकलं.

"चांगलं मांस घातलंय त्यात," नोरा म्हणाली. "आता सांगतोस, की मी हेदरला विचारून येऊ?"

त्यानं सांगितलं. नोरा ऐकता ऐकता उभी राहिली.

"ओठ हलवा? ओठ? तू काय दुकानातल्या काचेच्या टाकीतला मासा आहेस? तिच्या बापाला स्वर सापडत नव्हता तेव्हा तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा तो! ही एवढीशी होती तेव्हा बटाट्याच्या गाडीवर तू फिरवलीस हिला. थांब, मी बघतेच."

"बस खाली."

"मी बसणार नाही."

"नोरा, बस. मी घुसतो थांब्यात. खरं आहे ते. तिच्या जागी मी असतो तर मला मागच्या महिन्यातच हाकललं असतं."

नोरा बसली. हे तिला अपेक्षित नव्हतं.

"मग हलवणार ओठ?"

"नाही. गाणार."

"तिला सांगून?"

"न सांगता."

"आणि घुसलास तर?"

"तर सिबिलबरोबर फुलं लावीन. पण घुसणार नाही. अजून अख्खी दुपार आहे माझ्या हातात."

नोरानं त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. हा माणूस एकदा हट्टाला पेटला की काय करतो, ते तिनं संसारात भरपूर भोगलं होतं. तिनं डबा मिटला. "ऊठ मग. बसून काय होणार?"

खालच्या गावातून कॅथीड्रलकडं जाणाऱ्या रस्त्याला स्टीप हिल, म्हणजे उभी टेकडी, म्हणतात आणि तो नावाला जागतो. फरसबंदी, एका बाजूला धरायला लोखंडी कठडा, दोन्हीकडं चहाची नि जुन्या पुस्तकांची दुकानं, आणि चढ असा की समोरच्या माणसाच्या फक्त टाचा दिसाव्यात. थॉर्प फेनमध्ये सगळ्यात उंच जागा म्हणजे कालव्याचा बांध. तिथल्या माणसांना हा रस्ता चढणं म्हणजे वर्षातून एकदा करायचा पराक्रम वाटायचा.

"स्तोत्र म्हणू नकोस रस्त्यात," नोरानं बजावलं. "लोक वेडा म्हणतील. दुसरं काहीतरी म्हण त्याच चालीवर."

"काय म्हणू?"

"मला वर गेल्यावर काय काय घ्यायचंय ते म्हण. माझ्याही लक्षात राहील."

विल्फनं घसा साफ केला आणि स्तोत्राच्या गंभीर चालीवर सुरुवात केली: "दोन पौंड सॉसेज आणि मनुकांचा पाव, बहिणीसाठी चहाचा डबा…"

"घुसलास."

"कळलं मला."

"कळतं तर थांबत का नाहीस?"

पुन्हा सॉसेज, पुन्हा मनुकांचा पाव, पुन्हा घुसला. एक जोडपं थबकून त्यांच्याकडं बघायला लागलं. नोरानं त्यांना "काही नाही, नवरा आहे" असं सांगून वाटेला लावलं. पुस्तकाच्या दुकानातून एक पोरगी खुर्ची घेऊन धावत आली.

"आजोबा, बसता का? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बरं वाटतंय," विल्फ म्हणाला. "गातोय मी."

"अच्छा," असं म्हणून ती खुर्ची घेऊन आत गेली. पण काचेआडून बघत राहिली.

चढ वाढला. विल्फचा चेहरा बिटासारखा झाला होता. त्यानं कठडा धरला, अर्धी ओळ म्हटली आणि पुढची म्हणायला गेला, तर छातीत वाराच नव्हता. नाइलाजानं तो उभा राहिला. कुठल्याशा दुकानाच्या दाराची घंटा वाजली. वर कौलांवर कबुतरं घुमत होती. खालून कुणाच्या तरी बुटांचा आवाज येत होता, तो थांबला. मग काहीच ऐकू येईनासं झालं. श्वास भरला आणि त्यानं उरलेली अर्धी ओळ म्हटली.

"हां!" नोरा ओरडली. "हे!"

"हे काय?"

"थांबलास की!"

"दम लागला म्हणून थांबलो गं."

"मग तिथंही लागू दे दम."

विल्फ कठडा धरून विचार करत राहिला. इतके आठवडे तो मोजत होता आणि मोजता मोजता पळत होता. आत्ता त्यानं मोजलं नव्हतं, ऐकलं होतं. सगळं संपेपर्यंत नुसतं ऐकलं होतं. आमच्या सपाट मुलखातल्या माणसाला मध्येच थांबण्याची सवय कुठून असणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला जरा हसूही आलं.

वर पोचेपर्यंत तो एकदाही घुसला नाही. नोरानं चहाच्या दुकानाकडं मोर्चा वळवला, पण तो पाठ फिरवून उभा.

"कुठं निघालास?"

"खाली. परत चढून येतो."

"विल्फ कपलडिच, तुझं वय काय?"

"म्हणूनच. पाठ व्हायला वेळ लागतो."

नोरा एकटीच चहा प्यायली. तिचा लोणी लावलेला केक खाऊन होईपर्यंत तो पुन्हा वर आला. सदरा घामानं भिजलेला, केस विस्कटलेले, पण चेहऱ्यावर बाजारात पहिलं बक्षीस मिळालेल्या माणसासारखी ऐट.

चार वाजता कॅथीड्रलमध्ये तालीम झाली. स्तोत्र आलं तेव्हा विल्फनं तालमीपुरता शब्द पाळला आणि नुसते ओठ हलवले. प्रत्येक थांब्यात सगळे थांबले, आवाज वर कमानींत जाऊन विरला, मग दुसरा भाग स्वच्छ निघाला. हेदरनं त्याच्याकडं बघून किंचित मान हलवली. आभार मानले तिनं. दिवसभरात त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हे. तेवढ्यानं त्याचा निश्चय आणखी पक्का झाला.

प्रार्थनेला माणसं बरीच आली होती. काळ्यावर पांढरे झगे घालून मंडळ रांगेनं आत गेलं आणि कोरीव लाकडी बाकांपाशी समोरासमोर दोन ओळींत उभं राहिलं. हेदर पलीकडच्या ओळीच्या टोकाला होती. ती स्वतःही गायची आणि कमरेपाशी धरलेल्या एका हातानं सगळ्यांना खुणा करायची. नोरा विल्फच्या मागच्या बाकावर येऊन बसली होती; तिनं खाकरून तसं कळवलं.

ऑर्गननं स्वर दिला. विल्फनं श्वास घेतला आणि पहिल्या शब्दापासून गायला लागला.

हेदरनं झटकन वर पाहिलं. त्याचा आवाज लपणारा नव्हताच. तिचे डोळे मोठे झाले, ओठ मात्र गात राहिले. अर्धी ओळ संपली. विल्फनं ऐकलं. आवाज वर गेला, खांबांमागं फिरला, दूरच्या टोकाला जाऊन बारीक झाला आणि गेला. हेदरचा हात हलला. सगळ्यांबरोबर विल्फ सुरू झाला, ना आधी ना नंतर.

दुसरी ओळ. तिसरी. शेजारच्या कॉलिननं पुस्तकावरची नजर काढून एकदा त्याच्याकडं बघितलं. विल्फला वाटलं, आता मरण आलं तरी हरकत नाही, पण हे स्तोत्र संपल्यावर यावं. त्याचा आवाज त्या दगडात जात होता आणि दगड तो परत देत होता. थॉर्प फेनच्या गालिच्यानं कधी काही परत दिलं नव्हतं.

हेदर मात्र त्याच्यावरून नजर काढीना. प्रत्येक थांबा आला की ती त्याच्या तोंडाकडं बघायची. आता घुसेल, आता घुसेल, अशी. तिची मान ताठ झाली होती. विल्फला तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं पोरी, माझ्याकडं बघू नकोस, मी नाही घुसत. पण गाताना काय सांगणार?

पुढच्या एका ओळीचा अर्धा भाग संपला. थांबा आला. विल्फ ऐकत होता. आणि त्या थांब्यात, सगळं मंडळ तोंड मिटून उभं असताना, एक आवाज निघाला. बाईचा, मधल्या पट्टीतला, एकटा. हेदरचा.

एकच शब्द गेला होता. हात हवेत तसाच राहिला, चेहरा पांढरा पडला. थांबावं की पुढं जावं, हे तिला कळेना. दुसरा शब्द तिनं उच्चारला तो कापत. बाकी कुणी हललं नाही; वर घुमणाऱ्या आवाजात तो स्वर कुणाचा, हे बहुतेकांच्या ध्यानातही आलं नव्हतं. तिनंच घोटून घेतलं होतं सगळ्यांकडून. काही झालं तरी थांबायचं. ते थांबले होते. विल्फलाही थांबता येत होतं, आज दुपारीच तो ते शिकला होता.

त्यानं तोंड उघडलं आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज सोडला. पिंपात दगड पडला. हेदरचा कापरा स्वर त्याखाली बुडून गेला. कॉलिन दचकला आणि मागोमाग सुरू झाला, मग उरलेले एकेक करून आले. पहिला भाग अजून वर घुमत होता, त्यावर दुसरा जाऊन आदळला आणि एका ओळीचा पुरता काला झाला.

पुढच्या ओळीला हेदरचा हात पुन्हा हलला. विल्फ तिच्या खुणेबरोबर सुरू झाला आणि शेवटपर्यंत एकही थांबा चुकला नाही.

झगे उतरवायच्या खोलीत कॉलिननं तोंड सोडलं.

"शेवटी घुसलासच ना, विल्फ! एवढं छान चाललं होतं. उन्हाळाभर मर मर मेलो आम्ही."

"घुसलो," विल्फ झग्याची बटणं काढत म्हणाला. "म्हातारी जीभ. काय करणार?"

"तुम्हाला गाऊ नका म्हणून सांगितलं होतं ना?" पलीकडून कुणी बाई म्हणाली.

"सांगितलं होतं."

हेदर दाराशी उभी होती. तिनं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात कॅथीड्रलमधल्या बाई आत आल्या. किती सुंदर झालं, पुढच्या वर्षी पुन्हा यायचं बरं का, असं त्या तिचे दोन्ही हात धरून सांगायला लागल्या. त्यांचं संपेपर्यंत विल्फ टोपी घालून बाहेर पडला होता.

बसमध्ये त्याच्याशी कुणी फारसं बोललं नाही. नोराच्या मांडीवर सॉसेज, मनुकांचा पाव आणि चहाचा डबा होता. ती समोर बघत होती. बस सुरू व्हायच्या आधी हेदरनं ड्रायव्हरकडून माइक घेतला. दर वर्षी सहल संपताना सगळ्यांचे आभार मानायची पद्धत होती.

"मंडळी, तुम्ही सगळे फार छान गायलात," ती म्हणाली. माइक खरखरला. "एक गोष्ट मला सांगायलाच हवी. आज त्या ओळीत जे झालं, ते विल्फनं नाही, मी…"

"सोड रे गाडी!" मागून विल्फचा आवाज आला आणि माइकची गरज न पडता सगळ्या बसभर पोचला. "म्हातारी माणसं आहेत इथं! किती वेळ दाबून धरायची?"

बस हसली. कॉलिनसुद्धा हसला. हेदरनं पुन्हा माइक तोंडाशी नेला.

"विल्फ, मला बोलू द्या. चूक…"

"चूक ड्रायव्हरची! सोड म्हणतो ना!"

ड्रायव्हरनं गाडी सोडली. हेदरला दांडा धरावा लागला. ती तशीच उभी राहून मागं विल्फकडं बघत होती. त्यानं नजर दिली नाही. तो टोपीच्या कडेला काहीतरी लागलंय का, ते बारकाईनं तपासत होता.

"रविवारी तालीम साडेनऊला," अखेर ती म्हणाली. "सगळ्यांनी यायचं. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी."

मग ती खाली बसली आणि खिडकीकडं तोंड केलं.

बस उतारावरून खाली आली आणि गाव मागं पडलं. कोबी सुरू झाला. उजेड अजून चांगला होता. नोरानं मान न वळवता विचारलं,

"थांबता येत होतं ना तुला?"

"येत होतं."

"मी मागंच होते. मला ऐकू आलं सगळं. आधी ती, मग तू."

"हळू बोल."

"दोनदा डोंगर चढलास त्याच्यासाठी. एवढा जीव काढलास. आणि आता जन्मभर हा कॉलिन तुला ऐकवत राहणार. का रे?"

विल्फनं टोपी मांडीवर ठेवली. पुढच्या बाकांवरून हेदरचं डोकं दिसत होतं. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

"एकटी पडली होती गं ती," तो म्हणाला.